विश्वेश्वरय्या आणि नीरेचे पाणी

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे नाव निघाले की म्हैसूरची दिवाणगिरी व कृष्णराजसागर आठवतो. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १८८३ साली बाहेर पडलेल्या या गृहस्थाने १८८४ ते १९०८ पर्यंतची उमेदीची वर्षे मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात घालवली, याचा मात्र महाराष्ट्रालाच विसर पडला आहे.

१८९९ साली पुण्याचे पाटबंधारे त्यांच्या हाती आले. भोर संस्थानात भाटघरला अडवलेले पाणी नीरेतून वीरच्या बंधाऱ्याशी येई आणि तेथून डाव्या कालव्याने बारामतीकडे जाई. धरण उत्तम होते; दुखणे होते ते कारभाराचे. उसासाठी पाण्याचा अतोनात उपसा होई, भिजणारी शेते विखुरलेली असत, कालव्यालगतच्या जमिनी चिबड होत आणि टोकाचा शेतकरी कोरडा राही. विश्वेश्वरय्यांनी त्यावर ब्लॉक पद्धत बसवली: सलग क्षेत्र, पाण्याची कित्येक वर्षांची हमी, उसाला ठराविकच वाटा आणि पिकांची फेरपालट. बागायतदारांनी प्रथम विरोध केला, आणि त्यात नवल ते काय! हक्काचा संकोच झाल्याचे आधी जाणवते, हमीचा लाभ मागाहून. त्यांनी लोकांत जाऊन आपली योजना पटवून दिली. १९०३ साली खडकवासल्यास त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पेटंट घेऊनही त्याचे मानधन त्यांनी नाकारले. आमच्या मते दरवाजांपेक्षा ब्लॉक पद्धतीचे काम अवघड होते, कारण लोखंड अर्ज-विनंत्या करीत नाही.

महाराष्ट्राने २००५ साली कायदा करून पाण्याचे वाटप पाणी वापर संस्थांकडे सोपवण्याचे ठरवले. धोरण वरून आखले जाते. पाळी मोडली की रात्री बांधावर शिव्या खातो तो पाटकरी. त्याची जागा भरायची की नाही, हा प्रश्न सुधारणेच्या कागदांत सहसा शेवटच्या पानावर असतो. आणि ज्या भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांनी गावे बुडवून घेतली, तेथील वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्यांच्या हिश्शाचा ब्लॉक कोणीच आखला नाही.

१२ जुलै १९६१ रोजी वेल्ह्यातील पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचा बांधही गेला. शंभरीला टेकलेले विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. १४ एप्रिल १९६२ रोजी बंगळूरास त्यांचे निधन झाले.