हातांना विज्ञान शिकविणारे डॉ. कलबाग

इंद्रायणीकाठचे टाळगाव चिखली १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले, त्यालाही आता बराच काळ लोटला. शेतांच्या जागी लघुउद्योगांच्या शेड उभ्या राहिल्या. वेल्डिंगच्या ठिणग्या, लेथचा आवाज आणि मोटार रिवाइंडिंगची छोटी दुकाने हे या परिसराचे नित्याचे दृश्य बनले. याच परिसरातील शाळांत मुले विद्युतधारा, विभवांतर आणि रोध यांच्या व्याख्या पाठ करतात व परीक्षेत ओहमच्या नियमावरील गणिते बिनचूक सोडवितात. मात्र घरातील फ्यूज उडाला, की यांपैकी अनेकांना शेजारच्या वायरमनची वाट पाहावी लागते. तो वायरमन बहुधा शाळेत मागे पडलेला असतो. एकाकडे सूत्र आहे, हात नाही. दुसऱ्याकडे हात आहे, पण त्यामागचे सूत्र कोणी समजावून दिलेले नाही.

ही दोन माणसे एकाच विद्यार्थ्यात एकत्र यावीत, यासाठी एका शास्त्रज्ञाने आयुष्याची अखेरची वीस वर्षे वेचली, तीही येथून फार दूर नाही. चिखलीहून मोशीमार्गे नाशिक रस्त्याला लागावे, चाकण ओलांडून राजगुरुनगर गाठावे आणि तेथून शिरूरच्या दिशेने वळावे, म्हणजे पाबळ लागते. इतिहासाच्या वाचकांना हे गाव मस्तानीच्या समाधीमुळे ठाऊक असते. शिक्षणक्षेत्रात मात्र पाबळ ओळखले जाते ते डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमामुळे.

डॉ. कलबाग यांचा जन्म १९२८ चा. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून त्यांनी १९५५ मध्ये अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळविली. त्या काळी अशी पदवी हाती असलेल्या तरुणाला परदेशात राहणे अवघड नव्हते. कलबाग मात्र मायदेशी परतले आणि म्हैसूर येथील केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत रुजू झाले. तेथे आठ वर्षे काम केल्यानंतर १९६३ मध्ये ते मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात आले आणि पुढे तेथील अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख झाले. संशोधनकेंद्रात सिद्ध झालेली कल्पना कारखान्यात चालेलच असे नाही. ती चालती करण्यासाठी यंत्राशी, पदार्थाशी आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाशी झगडावे लागते, हा अनुभव त्यांनी जवळजवळ दोन दशके घेतला.

निवृत्तीला अवकाश असताना, १९८२ मध्ये, त्यांनी नोकरी सोडली. पंचावन्नाव्या वर्षी बहुतेक माणसे स्थैर्याचा विचार करतात. कलबाग पती-पत्नींनी पुणे जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण भागातील एका सामान्य खेड्याबाहेरच्या माळावर बिऱ्हाड मांडले. जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेल्या पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेने या प्रयोगाला आधार दिला आणि विज्ञान आश्रम हे त्या संस्थेचेच एक केंद्र बनले. पत्नी मीराताई या कामात अखेरपर्यंत त्यांच्या बरोबरीने राहिल्या.

पाबळची निवड हा प्रयोगाचाच एक भाग होता. पाणी मुबलक, बाजार जवळ आणि देणगीदार हाताशी, अशा गावात एखादी योजना यशस्वी झाली तर तिच्यातून इतरांनी घेण्यासारखे फारसे उरत नाही. ज्या गावात पावसाचा भरवसा नाही आणि दहावीनंतर मुलाने काय करावे याचे उत्तर कोणापाशी नाही, तेथे एखादी शिक्षणपद्धती टिकली, तर ती महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात टिकू शकेल.

महात्मा गांधींच्या नयी तालीमने हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला होता. तो विचार कलबागांना मान्य होता. परंतु सूतकताईच्या जागी त्यांनी आपल्या काळातील तंत्रज्ञान आणले. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीज, जैववायू, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया आणि आरोग्य या सर्वांची तोंडओळख एकाच विद्यार्थ्याला करून द्यायची, अशी ही मांडणी होती. मूल चालायला किंवा बोलायला शिकते ते व्याख्या पाठ करून नव्हे, तर करून, चुकून आणि पुन्हा करून. शाळेत पाऊल टाकताच ही नैसर्गिक रीत बंद का व्हावी, हा त्यांचा मूलभूत प्रश्न होता.

यातून दोन वाटा निघाल्या. शाळा सुटलेल्या मुलांसाठी आश्रमात वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम सुरू झाला. नियमित शाळांतील आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख करून देणारा विषय तयार झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो आयबीटी म्हणून ओळखला जातो. आठवड्यातील एक दिवस या विषयासाठी राखून ठेवायचा आणि त्याचे चार भाग करायचे: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने या विषयाला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली. त्यामुळे हा केवळ छंदवर्ग न राहता गुणपत्रिकेत स्थान असलेला विषय झाला.

विजेचा भाग कसा शिकविला जाई, हे पाहिले म्हणजे या पद्धतीचे मर्म कळते. सुरुवात तारेचा जोड देण्यापासून होते. सैल दिलेला जोड तापतो, हे पाहिल्यावर रोध म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मग एका बटणावर एक दिवा, त्यानंतर जिन्याची वायरिंग. खालच्या बटणाने लावलेला दिवा वरच्या बटणाने विझला पाहिजे, ही अट पुरी करताना परिपथाची आकृती कागदावर काढून पाहण्याची गरज विद्यार्थ्याला स्वतःहून भासते. अर्थिंगसाठी खड्डा खणून त्यात कोळसा आणि मीठ घालायचे, तर ते कशासाठी, हा प्रश्न कुदळ हाती असतानाच पडतो. कोळसा ओल धरून ठेवतो, मिठामुळे मातीची वाहकता वाढते आणि यंत्रात बिघाड झाल्यास विजेला माणसाच्या शरीरापेक्षा जमिनीत जाण्याचा सोपा मार्ग मिळतो, हे उत्तर मग विसरले जात नाही. त्यात कोणाचा तरी जीव गुंतलेला आहे, हे त्याने पाहिलेले असते.

या पद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे भूजलाचा शोध. दख्खनच्या कातळात बोअर घेणे हा शेतकऱ्यासाठी जुगार असतो. कर्ज काढून खोदलेली बोअर कोरडी निघाली, तर कुटुंबाचे अनेक वर्षांचे गणित बिघडते. विज्ञान आश्रमाने जमिनीचा विद्युतरोध मोजणारे उपकरण विकसित केले आणि ते वापरण्याचे शिक्षण ग्रामीण तरुणांना दिले. तत्त्व ओहमच्या नियमाचेच. जमिनीत एका रेषेत सारख्या अंतरावर चार सळ्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळ्यांतून विद्युतप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन सळ्यांमधील विभवांतर मोजायचे. विभवांतराला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. त्याला सळ्यांमधील अंतराने आणि पायच्या दुपटीने गुणले की जमिनीची रोधकता हाती येते. सळ्यांमधील अंतर वाढवीत गेले, की प्रवाह अधिक खोलवर जातो आणि खालच्या थरांचा अंदाज येतो. अखंड कातळाची रोधकता जास्त, तर पाणी धरून असलेल्या झिजलेल्या वा भेगाळलेल्या खडकाची कमी.

शाळेत नापास ठरलेला मुलगा शेताच्या बांधावर बसून हे गुणाकार करतो, आलेख काढतो आणि शेतकऱ्याला सल्ला देतो, तेव्हा त्याच्याविषयीचे गावाचे मत बदलते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचे स्वतःविषयीचे मत बदलते. हे मोजमाप म्हणजे पाण्याची हमी नव्हे, केवळ अनुमान आहे, हेही त्याला शिकावे लागते. आपल्या आकड्यावर किती विसंबावे हे जाणणे, हा विज्ञानातील अवघड धडा त्याला तेथेच मिळतो.

कलबागांचा आग्रह होता, की विद्यार्थ्यांचे काम खरे असावे. सराव म्हणून बनवायचे आणि नंतर मोडून टाकायचे, असे प्रकल्प त्यांना नको होते. शाळेने गावाला सेवा द्यावी, गावाने तिचा मोबदला द्यावा आणि त्यातून साहित्याचा खर्च भागावा. ग्राहकासमोर काम करताना चुकीला किंमत असते. म्हणून मोजमाप काटेकोर होते, हिशेब लिहिला जातो आणि दिलेला शब्द पाळावा लागतो. शिकविणाराही शक्यतो त्या व्यवसायात प्रत्यक्ष काम करणारा असावा, असे ते मानीत. गावोगावी शाळेची इमारत आहे, जागा आहे, मुले आहेत. तेव्हा ग्रामीण विकासासाठी नवी यंत्रणा उभारण्याऐवजी शाळेलाच तंत्रज्ञानाचे केंद्र का करू नये, असा त्यांचा विचार होता.

आश्रमाच्या आवारात या विचाराची फळे दिसू लागली. कमी साहित्यात उभे राहणारे भूमितीय घुमट पाबळचे घुमट म्हणून ओळखले जाऊ लागले. छोट्या शेतकऱ्यासाठी जीपचे सुटे भाग वापरून मेकबुल हा ट्रॅक्टर तयार झाला. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब सुरू झाली. त्या विद्यापीठाबाहेर जगात उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांमध्ये तिची गणना होते. अवर्षणग्रस्त माळावरील मुलांना संगणकनियंत्रित यंत्रे हाताळता येऊ लागली.

तथापि हा प्रयोग वाऱ्याच्या वेगाने पसरला नाही, हेही नमूद केले पाहिजे. कलबागांच्या हयातीत तो मोजक्याच शाळांपर्यंत पोहोचला. अडचण केवळ निधीची नव्हती. हाताचे काम हे अभ्यासात मागे पडलेल्यांसाठी, ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. मुलगा हुशार असेल तर त्याच्या हाती पुस्तक द्यावे आणि नसेल तर पाना, अशी ही वाटणी आहे. कलबागांचा विरोध नेमका या वाटणीला होता. त्यांचा अभ्यासक्रम गवंडी वा वायरमन घडविण्यासाठी नव्हता. पुढे डॉक्टर किंवा वकील होणाऱ्यालाही तो तितकाच आवश्यक आहे, कारण हाताने केलेल्या कामातूनच बुद्धीला प्रश्न पडतात, ही त्यांची धारणा होती. हा अभ्यासक्रम नापासांसाठीचा ठरला असता, तर त्याचा पायाच ढासळला असता.

३० जुलै २००३ रोजी डॉ. कलबाग यांचे निधन झाले. ग्रामीण विकासासाठी विज्ञान-तंत्रज्ञानाचा उपयोग केल्याबद्दलचा जमनालाल बजाज पुरस्कार त्यांना आयुष्याच्या अखेरच्या काळात मिळाला होता. त्यांच्यानंतर सहकाऱ्यांनी आणि काही स्वयंसेवी संस्थांनी हा विषय अनेक शाळांत नेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर हाताने करावयाच्या कामाची ओळख आणि दप्तराविना दहा दिवस यांची शिफारस केली. पाबळच्या माळावर जे १९८० च्या दशकात सुरू झाले होते, त्याची दखल धोरणाच्या भाषेत घेतली गेली.

पण धोरणातील दहा दिवस आणि कलबागांचा आठवड्यातील एक दिवस यांत अंतर आहे. दहा दिवसांत कारखाना पाहून होतो. हात तयार होत नाही. चिखली-चाकण पट्ट्यात तर कार्यशाळेसाठी दूर जाण्याचीही गरज नाही. शाळेच्या भिंतीपलीकडेच मोटारी बांधणारे, पॅनेल जोडणारे, दोष शोधणारे कुशल हात आहेत. त्यांना आठवड्यातून एकदा वर्गात बोलाविता येईल, शाळेची वायरिंग शाळेच्याच मुलांनी जाणकाराच्या देखरेखीखाली तपासावी असे ठरविता येईल. त्यासाठी फार मोठा निधी लागणार नाही. लागेल ती एवढीच तयारी, की वर्गात पहिला येणाऱ्या मुलाच्याही हाती टेस्टर आणि पकड द्यायची आणि त्याच्या पालकांनी त्याला कमीपणा मानायचा नाही. कलबागांनी आयुष्याची वीस वर्षे खर्च केली ती मुख्यतः याच तयारीसाठी, आणि ते काम अजून पुरे झालेले नाही.