यशवंतराव चव्हाण : सक्ती न करता फौज वाढवणारे संरक्षणमंत्री

देवराष्ट्रे हे गाव पूर्वी सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. तिथं 12 मार्च 1913 रोजी यशवंतराव चव्हाणांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. आई विठाबाईंनी गरिबीत मुलं वाढवली. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच 1932 मध्ये त्यांनी तुरुंग पाहिला. 1942 च्या चळवळीत ते भूमिगत झाले. इंग्रजांच्या सत्तेशी लढलेला हाच माणूस पुढं देशाच्या फौजेचा कारभार पाहणार होता.

सातारा-सांगलीला फौज नवी नाही. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर मिलिटरीचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. 1 मे 1960 रोजी यशवंतराव महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. पुढच्याच वर्षी, 23 जून 1961 ला, देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात सुरू झाली. पुढं सव्वा वर्षातच चीनशी युद्ध पेटलं. त्यात देशाला मोठा धक्का बसला आणि नोव्हेंबर 1962 मध्ये यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावणं आलं.

फौज वाढवायची होती, पण कशी? दुसऱ्या महायुद्धाच्या आधी ब्रिटननं 1939 मध्ये तरुणांवर लष्करी सेवेची सक्ती केली होती. अमेरिकेनं स्वतः युद्धात उतरण्याआधीच, 1940 मध्ये, तोच कायदा केला. भारतानं मात्र सक्तीची भरती केली नाही. फौज सव्वाआठ लाखांपर्यंत नेण्याचं ठरलं, डोंगरी लढाईसाठी नव्या डिव्हिजन उभ्या राहिल्या, इमर्जन्सी कमिशनमधून तरुण अधिकारी घेतले गेले. पण जो आला तो आपल्या मर्जीनं आला. सक्ती झाली ती कॉलेजातल्या एनसीसीची, 1963 मध्ये. ती कवायत आणि प्रशिक्षणापुरती होती, आणि 1968 मध्ये तीही उठली.

1965 मध्ये पाकिस्तानशी युद्ध झालं तेव्हा संरक्षणमंत्री यशवंतरावच होते. याच युद्धात खेमकरण भागात 4 ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेनं शत्रूचे रणगाडे उडवले आणि ते शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. उत्तर प्रदेशातल्या गाझीपूरकडच्या एका शिंपी घरातला हा मुलगा. 1954 मध्ये तो स्वखुशीनं भरती झाला होता, कुणी कायद्यानं ओढून नेला नव्हता. आपल्या वतनपरस्तीबद्दल कुणी शंका घेतली, तर ही गोष्ट शांतपणे सांगावी.

यशवंतराव पुढं गृह, अर्थ, परराष्ट्र खात्यांचे मंत्री आणि उपपंतप्रधान झाले. 25 नोव्हेंबर 1984 रोजी त्यांचं निधन झालं. कराडच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

मुलांना त्यांचं नाव स्पर्धा परीक्षेपुरतं पाठ असतं. पालकांनी एवढं तरी करावं : साताऱ्याच्या सैनिक शाळेत सहावी आणि नववीला प्रवेश परीक्षेतून जागा मिळते, आता मुलींनाही. हा फॉर्म आपल्या किती घरांत येतो? कॉलेजात एनसीसीला नाव घालायला आपली मुलं का बिचकतात? सक्ती नाही म्हणजे पाऊल आपणच उचलायचं आहे. पाचवीतल्या मुला-मुलींच्या आईवडिलांनी याच वर्षी शाळेत जाऊन चौकशी करावी.