मांडीवरच्या सहा तारा

हवाईयन गिटारची ओळख आपल्याकडच्या अनेक घरांना झाली ती चित्रपटगीतांच्या धुनांमुळे. व्हॅन शिप्ले यांच्या तबकड्यांवर गाण्यातले शब्द नसत. पण शब्द आठवावेत इतका सूर लांबत, घसरत, रेंगाळत असे. पुढे १९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका आली आणि ब्रिजभूषण काब्रांनी याच वाद्यातून राग किती देखणा उभा राहतो ते दाखवले. मींड हा आपल्या संगीताचा प्राण आणि मींड हाच या गिटारचा स्वभाव. त्यामुळे दोघांचे सहज जमले.

मात्र जॅझ वाजवायचे म्हटले की हेच वाद्य अडून बसते. तिथे एका सुराने भागत नाही. चार-चार, पाच-पाच सुरांचे गुच्छ एकदम लागतात आणि क्षणोक्षणी बदलतात. साध्या गिटारवर डाव्या हाताची चार बोटे चार ठिकाणी दाबता येतात. मांडीवर आडव्या ठेवलेल्या गिटारवर बोटांच्या जागी पोलादाची एक सरळ दांडी असते. ती सगळ्या तारांवर एकाच रेषेत टेकते. जरा तिरकी धरता येते, पण वाकत नाही. ही अडचण ज्याने सोडवली, त्या सोल होओपिईची ही गोष्ट.

सोलचा जन्म १९०२ सालचा, होनोलुलूचा. घरात एकवीस भावंडे होती असे सांगतात. त्याच्या जन्माआधी नऊ वर्षे हवाईच्या राणीला पदच्युत करण्यात आले होते आणि १८९८मध्ये अमेरिकेने ती बेटे आपल्या राज्याला जोडून घेतली होती. शाळांतून हवाईयन भाषा हद्दपार झाली होती. राज्य गेले, भाषा आक्रसली. गाणे मात्र टिकले. जोसेफ केकुकू या हवाईयन मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारांवरून पोलाद फिरवण्याची युक्ती रूढ केली होती. सोलच्या लहानपणी ती बेटांवर घरोघर पोचलेली होती.

१९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत भव्य प्रदर्शन भरले. तिथल्या हवाईयन वादकांनी अमेरिकेला अक्षरशः वेड लावले. सोल तेव्हा तेरा वर्षांचा. समुद्रापलीकडे आपल्या वाद्याला मागणी आहे, ही बातमी त्याच्याही कानी गेलीच असणार. १९१९मध्ये, सतराव्या वर्षी, दोन मित्रांना घेऊन तो ‘मॅटसोनिया’ नावाच्या बोटीवर तिकिटाविना लपून बसला. पोरे पकडली गेली. पण त्यांचे वाजवणे ऐकून प्रवाशांनीच वर्गणी काढून भाडे भरले, अशी हकिकत सांगितली जाते. मित्रांची साथ पुढे सुटली. सोल लॉस एंजेलिसला आला आणि तिथलाच झाला.

तिथे त्याने आपली त्रयी जमवली. हॉटेलांतून आणि क्लबांतून तो हवाईयन गाणी वाजवी. श्रोत्यांना नारळाची झाडे आणि चांदणे हवे असे, तेही तो देई. पण त्या शहरात जॅझ आणि ब्लूज यांचाही सूर घुमत होता. अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी घडवलेले हे संगीत सोलने मनापासून आत्मसात केले. १९२०च्या दशकातल्या त्याच्या तबकड्यांवर ट्रम्पेटने किंवा क्लॅरिनेटने घ्यावा तसा तुकडा पोलादाखालून निघालेला ऐकू येतो. तो खट्याळ आहे, वेगवान आहे, आणि तरी एकही सूर घाईने सोडलेला नाही.

गिटारचा आवाज तेव्हा बेताचाच असे. तो वाढवण्यासाठी जॉन डोपेरा आणि जॉर्ज ब्यूशॅम्प यांनी धातूची गिटार तयार केली. तिच्या पोटात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे तीन शंकू बसवले होते. भांडवलदाराला पटवण्यासाठी एका मेजवानीत ती सोलच्या मांडीवर ठेवण्यात आली. त्याने वाजवले आणि त्या गृहस्थांनी १२,५०० डॉलरचा धनादेश फाडला, असे सांगतात. मी उभी नोकरी बँकेत काढली, कर्जाचे अर्ज ढिगांनी वाचले. तारण म्हणून गिटारवादन मात्र माझ्या टेबलावर कधी आले नाही. पुढे ब्यूशॅम्पनेच विजेवर चालणारी गिटार घडवली. बाजारात आलेली पहिली विजेची गिटार मांडीवर ठेवूनच वाजवायची होती, हे आज अनेकांना ठाऊक नसते. सोलने तीही आपलीशी केली.

आता त्या अडचणीकडे वळू. जुन्या पद्धतीत तारा अशा लावत की सा, ग, प हेच तीन स्वर वरखाली यावेत. दांडी कुठेही टेकवा, तोच एक प्रसन्न गुच्छ निघे. लोकगीताला तेवढे पुरे; जॅझला अपुरे. दांडी वाकणार नाही हे सोलने मान्य केले आणि तारांची मांडणीच बदलली. सी-शार्प मायनर नावाची ही मांडणी सर्वसाधारणपणे त्याच्याच नावावर आहे. आपल्या सरगमीत सांगायचे तर खर्जाकडून वर अशी: प, कोमल नी, सा, ग, ध आणि वरचा सा.

वरवर पाहता ही विसंगत भरती वाटते. पण खालच्या चार तारा छेडा: प, कोमल नी, सा, ग. पुढे काहीतरी घडणार अशी हुरहुर त्यात आहे. कोमल नी वगळून प, सा, ग, ध घ्या. तो नाचऱ्या संगीताचा मोकळा, हसरा रंग. आता ध, सा आणि ग एवढेच ठेवा. सूर एकदम उदास होतो. दांडी जागची हललेली नाही. तिन्ही मनःस्थिती तिच्याखालीच आहेत. कोणत्या तारा बोलवायच्या आणि कोणत्या गप्प ठेवायच्या, एवढाच प्रश्न उरतो. त्यात दांडीचा तिरकेपणा मिसळला की जॅझचा बराच मोठा मुलूख हाती येतो.

‘बर्ड ऑफ पॅरडाइज’ (१९३२), ‘वायकिकी वेडिंग’ (१९३७) अशा चित्रपटांशीही त्याचे नाव जोडलेले आहे. त्या पडद्यावरची बेटे हॉलिवूडने रचलेली असत. खरी हवाईयन गोष्ट त्यात पुष्कळदा एवढीच असे, की पोलाद धरणारा हात तिथला होता.

आणि १९३८ साली, कीर्ती ऐन भरात असताना, सोलने हे सारे सोडले. एमी सेंपल मॅकफर्सन या गाजलेल्या धर्मप्रचारिकेबरोबर तो प्रार्थनासभांतून वाजवू लागला. छत्तिशीतल्या कलावंताने असे का करावे? क्लबांतल्या रात्रींना तो कंटाळला असेल, किंवा लोकांना हवे तेच चांदणे विकण्याला. मला एवढेच दिसते की त्याने गिटार खाली ठेवली नाही. वाद्य तेच, हात तेच. कोणासाठी वाजवायचे तेवढे बदलले. १६ नोव्हेंबर १९५३ रोजी सिएटलमध्ये तो गेला तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता.

त्याची मांडणी मात्र अनेकांच्या हाती गेली होती. पुढच्या वादकांनी तिच्यावर नव्या मांडण्या रचल्या. पायाने पट्ट्या दाबून वाजवता वाजवताच तारांचे स्वर बदलणारी गिटारही आली. ओहायोत जन्मलेला जेरी बर्ड हा गोरा मुलगा हवाईयन वादकांना ऐकूनच या वाद्याकडे वळला आणि त्यातला दादा झाला. १९७२मध्ये तो होनोलुलूला राहायला गेला. हे वाद्य तिथेच मागे पडत चालले होते. बर्डने तिथल्या तरुणांना शिकवायला सुरुवात केली आणि त्याचे शिष्य पुढे स्वतः गुरू झाले. तिकिटाविना बोटीवर चढून गेलेली विद्या अशी पन्नासएक वर्षांनी आपल्या बेटावर परत आली.