सोळा पटींची लक्ष्मणरेषा

बेंजामिन ग्रॅहम यांचा जन्म १८९४ सालचा, लंडनमधला. ते तान्हे असतानाच कुटुंब न्यूयॉर्कला आले. वडील चिनी मातीच्या वस्तूंचे व्यापारी. १९०३ मध्ये ते वारले आणि घर खालावले. आईने घरात पैसे देणारे पाहुणे ठेवून पाहिले, मग उधारीवर एका पोलाद कंपनीचे शेअर घेतले. १९०७ च्या पडझडीत तेही बुडाले. शेअरचा भाव काय करू शकतो, हे या मुलाने पुस्तकात वाचण्याआधी घरातच पाहिले.

१९१४ साली कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेऊन ते वॉल स्ट्रीटवरच्या एका दलाली पेढीत लागले. पुढे ते स्वतःच लोकांचा पैसा सांभाळू लागले. नफा झाला तर त्यात वाटा. तोटा झाला तर तो भरून निघेपर्यंत मोबदला नाही, असा करार. १९२९ मध्ये बाजार कोसळला आणि १९३२ अखेरपर्यंत खात्यातली सुमारे सत्तर टक्के रक्कम गेली. ती भरून निघायला १९३५ चा शेवट उजाडला. लोकांची संपत्ती सांभाळणाऱ्याचे उत्पन्न कसे आटते, याचा अनुभव याहून जवळून कोण घेणार?

याच हलाखीत, १९३४ मध्ये, डेव्हिड डॉड यांच्यासह त्यांचा ‘सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस’ हा ग्रंथ आला. शेअरच्या भावाला दर शेअरमागच्या मिळकतीने भागले की जो आकडा येतो, तो आपला पीई रेशो. सरासरी मिळकतीच्या फार तर सोळा पट किंमत द्यावी, अशी रेषा त्यांनी आखली. लोकांच्या लक्षात सोळा राहिले. माझ्या मते सारा जीव ‘सरासरी’ या शब्दात आहे. पाच, जमल्यास सात ते दहा वर्षांची मिळकत पाहा, असा त्यांचा आग्रह होता. (बँकेत आम्हीही कर्ज देताना एकाच वर्षाच्या नफ्यावर भाळत नसू.)

संपत्ती व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीचा शेअर घेताना तर हे फारच कामाचे. समजा, एक कंपनी लोकांचे १,००० कोटी सांभाळते. शुल्क एक टक्का, म्हणजे १० कोटी. खर्च ६, नफा ४. कराचा हिशेब तूर्त सोडू. तेजीत तेच पैसे १,४०० कोटी झाले. शुल्क १४, खर्च तोच, नफा थेट दुप्पट, ८ कोटी! सगळ्या शेअरांची मिळून किंमत १०० कोटी असेल, तर पीई साडेबारा दिसतो. किती स्वस्त! पुढच्या वर्षी बाजार पडून रक्कम ७०० कोटींवर आली की नफा उरतो १ कोटी आणि त्याच किमतीला पीई होतो शंभर. तिन्ही वर्षांची सरासरी घेतली असती तर तो तेवीस निघाला असता, म्हणजे सोळाच्या बराच पुढे.

१९४८ मध्ये ग्रॅहम यांच्या कंपनीने ‘गायको’ या विमा कंपनीचा निम्मा हिस्सा सुमारे सात लाख डॉलरना घेतला. त्याचा भाव पुढे त्यांच्याच मोजपट्टीबाहेर गेला, तरी घरचा धंदा समजून त्यांनी तो विकला नाही. १९७६ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले. त्या एका हिश्शाने त्यांना बाकीच्या सगळ्या व्यवहारांच्या एकत्रित नफ्याहून अधिक मिळवून दिले होते.