विश्लेषण : धंदा बुडाल्यावर जंगलात १२८ किलोमीटरची स्की-वाट! १११ वर्षे जगलेले ‘जॅकरॅबिट’ जोहानसन कोण होते?

कॅनडात मॉन्ट्रियलच्या उत्तरेला लॉरेन्शियन टेकड्या आहेत. तिथे कधी कधी नोव्हेंबरमध्येच पहिला बर्फ पडतो आणि हौशी मंडळी स्की घेऊन जवळच्या रानवाटांकडे निघतात. यातल्या कितीतरी वाटांचे श्रेय हर्मन स्मिथ-जोहानसन या नॉर्वेजियन इंजिनीअरला जाते.

इंजिनीअर ते ‘जॅकरॅबिट’

जन्म १५ जून १८७५, नॉर्वेतील हॉर्टेन. बर्लिनमध्ये इंजिनीअरिंगचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत आले आणि अवजड यंत्रे विकू लागले. या कामासाठी कॅनडाच्या उत्तर भागात फिरताना ते स्कीवरून जात. तिथल्या क्री आदिवासींनी त्यांचा वेग पाहून त्यांना सशाचे नाव दिले, तेच पुढे ‘जॅकरॅबिट’ म्हणून कायमचे चिकटले. १९२९ नंतरच्या महामंदीत यंत्रे घेणारे कुणी उरले नाही. धंदा बुडाला. वय पंचावन्नच्या आसपास, घरी पत्नी अ‍ॅलिस आणि तीन मुले. कुटुंब शहर सोडून टेकड्यांमधल्या गावात राहायला गेले. हाताशी उरलेले कौशल्य एकच, स्की.

‘मेपल लीफ ट्रेल’ म्हणजे काय?

त्या काळी मॉन्ट्रियलहून रेल्वेने स्कीअर या गावांत येत आणि छोट्या हॉटेलांत उतरत. ही गावे जंगलातून जोडायची, अशी कल्पना होती. जोहानसन यांनी १९३०च्या दशकात झाडी साफ करून, खुणा लावून शॉब्रिज ते लाबेल अशी सुमारे १२८ किलोमीटरची वाट तयार केली. अंतराचा अंदाज हवा असेल तर मुंबई सीएसएमटीहून रेल्वेने लोणावळा गाठा. सह्याद्रीत दगडांवर रंगवलेले बाण पाहून गड चढलेल्यांना अशा खुणांची किंमत वेगळी सांगायला नको.

पहिल्या बर्फात वाट का महत्त्वाची?

क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये टाच मोकळी असते आणि चढही स्वतःच्या पायांनीच चढायचा असतो. स्की मधोमध किंचित कमानदार असते. एका पायावर पूर्ण भार दिला की मधला भाग बर्फाला टेकतो आणि तिथे लावलेले मेण पकड घेते, भार दोन्ही पायांवर वाटला की तो भाग उचलला जातो आणि स्की घसरते. (इंजिनीअरला हा खेळ का आवडला असेल, ते इथे कळते.) पण पहिला बर्फ पातळ असतो, जमीन अजून उबदार असते, ओढे गोठलेले नसतात. खाली दगड किंवा मुळे असतील तर स्की अडकून माणूस तोंडावर आपटतो. म्हणून आधीच साफ केलेली, पाणी न साचणारी वाट लागते. पानगळ झालेल्या झाडांमधून बर्फ जमिनीपर्यंत पोहोचतो आणि झाडांमुळे वाऱ्याने उडून जात नाही.

मग वाटेचे काय झाले?

वाट होत असतानाच शॉब्रिजमध्ये स्कीअरना दोराने वर ओढून नेणारी यंत्रे आली. जोहानसन यांना हा प्रकार फारसा रुचला नाही, पण गर्दी तिकडेच वळली. शिवाय वाट बऱ्याच ठिकाणी खासगी जमिनीतून जात होती. पुढे महामार्ग आला, बंगले उठले आणि तिचे अनेक तुकडे गेले. वाट आखणाऱ्याचा जमिनीवर हक्क नव्हता, हा त्यातला कच्चा दुवा.

जोहानसन मात्र शंभरी ओलांडल्यावरही स्की करत राहिले. १९७२ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ मिळाला, मुलांच्या स्की प्रशिक्षणाला ‘जॅकरॅबिट’ हे नाव मिळाले. ५ जानेवारी १९८७ रोजी नॉर्वेत त्यांचे निधन झाले. स्कीअरना आणणारी ती रेल्वेही आता बंद आहे. तिच्या रूळमार्गावर सार्वजनिक वाट झाली असून हिवाळ्यात तिच्या काही भागावर लोक स्की करतात.