श्रीपाद कृष्ण कोल्हटकर : ग्रहांचे गणित आणि पात्रांचा स्वभाव

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कथालेखनाचा स्वाध्याय हाती घेतल्यावर पात्राची पूर्वतयारी कशी करावी, हा प्रश्न तुम्हांला पडला असेल. काही लेखक त्यासाठी पात्राची जन्मपत्रिका मांडतात. लग्न, रास आणि नक्षत्र ठरवून त्यांवरून ते स्वभाव काढतात. टॅरोच्या ७८ पत्त्यांचाही असा उपयोग केला जातो. इटालियन लेखक इटालो काल्विनो यांनी तर त्या पत्त्यांच्या मांडणीतून एक संपूर्ण कथाग्रंथ उभा केला. या पद्धतीने जिवंत माणूस हाती लागतो का? याचा विचार करण्यासाठी आपण मराठीतील अशा एका लेखकाचे चरित्र पाहू, ज्याला ग्रहांचे गणितही येत होते आणि माणसांची थट्टाही करता येत होती.

जीवनक्रम

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म २९ जून १८७१ रोजी नागपूर येथे झाला. शिक्षण अकोला व पुणे येथे झाले. १८९१ मध्ये ते बी. ए. झाले, १८९७ मध्ये कायद्याची पदवी मिळाली. पुढे अकोला, खामगाव व जळगाव जामोद येथे त्यांनी वकिली केली. वऱ्हाडातील या गावांतून पुणे दूर होते. तुमच्यापैकी जे मनमाडचे आहेत त्यांना हा मार्ग परिचित आहे. वऱ्हाडाकडून येणाऱ्या लोहमार्गाला दौंडचा फाटा येथेच फुटतो आणि तो १८७८ पासून चालू आहे. साहित्याच्या केंद्रापासून एवढ्या अंतरावर राहून, दिवसा पक्षकारांची कामे पाहत, कोल्हटकरांनी बारा नाटके, समीक्षालेख, कादंबऱ्या आणि विनोदी लेख लिहिले. नोकरी वा संसार सांभाळून अभ्यास करणाऱ्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

‘वीरतनय’ (१८९६) या नाटकाने त्यांचे नाव झाले. ‘मूकनायक’, ‘मतिविकार’, ‘वधूपरीक्षा’ ही त्यांची आणखी काही नाटके. १९०२ मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात ‘साक्षीदार’ हा लेख आला आणि मराठीत विनोदी लेखनाचे एक नवे दालन उघडले. या लेखांचा १८ लेखांचा संग्रह १९१० मध्ये निघाला. पुढे ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाने तो ३२ लेखांचा झाला. १९२७ मध्ये पुणे येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १ जून १९३४ रोजी त्यांचे निधन झाले.

गणित आणि फल

या चरित्रातील एक ग्रंथ वाचकांच्या सहसा ध्यानात येत नाही. तो म्हणजे १९१३ मधील ‘भारतीय ज्योतिर्गणित’. येथे दोन संज्ञांतील भेद नीट समजून घ्या. ग्रह अमुक वेळी आकाशात कोठे असेल, हे ज्योतिर्गणित सांगते. त्यामुळे माणसाचे काय होईल, हे सांगण्याचा दावा फलज्योतिष करते. पहिल्याची आकाशाकडे पाहून पडताळणी करता येते, दुसऱ्याची तशी करता येत नाही.

त्या काळी महाराष्ट्रात पंचांगशोधनाचा वाद रंगला होता. जुन्या सारण्यांवरून काढलेली ग्रहस्थाने प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नव्हती. शिवाय राशिचक्राचा आरंभ कोठे धरावा, यावर तज्ज्ञांत मतभेद होता. दोन प्रमुख पक्षांत सुमारे चार अंशांचे अंतर पडत होते. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचे असते. म्हणजे सीमेजवळ चंद्र असलेल्या मुलाचे नक्षत्र एका पंचांगाने एक, तर दुसऱ्याने दुसरे ठरे. कधी रासही बदले. मूल मात्र तेच राही. पत्रिकेवरून पात्र घडवू पाहणाऱ्या लेखकाने या एकाच उदाहरणाचा शांतपणे विचार करावा.

दोन प्रकारची पात्रे

आता कोल्हटकरांच्या स्वतःच्या पात्रांकडे वळू. त्यांच्या नाटकांवर कृत्रिमतेचा आक्षेप घेतला जातो. वेषांतर, योगायोग, गुपिते आणि कोट्या यांच्या रचनेत त्यांची पात्रे ठरलेल्या कक्षेत फिरतात. कोणती युती केव्हा व्हायची, हे लेखकाने आधीच मांडून ठेवलेले असते. गणित बिनचूक असते, पण त्या माणसांना चुकण्याची मोकळीक नसते.

‘सुदाम्याचे पोहे’मधील सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या यांचे तसे नाही. रूढी, सण आणि समजुती यांच्या आहारी गेलेली ही माणसे आपल्या खुळ्या वर्तनाला मोठ्या गांभीर्याने कारणे जोडतात. त्यांना आपण हसतो आणि हसताना आपल्याच घरातील एखादी समजूत आठवून ओशाळतो. त्यांच्यावर कोणत्याही ग्रहाची सत्ता नाही, आहे ती पूर्वग्रहाची. भाषेच्या दृष्टीनेही हे मनोरंजक आहे. ग्रह, आग्रह, दुराग्रह आणि पूर्वग्रह हे सारे शब्द पकडणे या अर्थाच्या एकाच संस्कृत धातूपासून आले आहेत. माणसाला काय पकडून ठेवते, हे शोधणे म्हणजेच पात्र शोधणे होय. राम गणेश गडकरी यांनी कोल्हटकरांना गुरू मानले आणि ‘बाळकराम’ या नावाने हीच वाट पुढे नेली.

समारोप

याचा अर्थ पत्रिका लेखकाला निरुपयोगी आहे, असा नाही. आपल्या समाजात तिच्यामुळे विवाह मोडले आहेत आणि मंगळ असल्याच्या शिक्क्याने मुलींची आयुष्ये अडली आहेत. त्यामुळे पात्राच्या पत्रिकेत काय आहे, यापेक्षा पात्र त्या पत्रिकेवर किती विश्वास ठेवते, तिला भिते की झुगारते, हे लेखकाने विचारावे. साडेसाती आहे म्हणून हातपाय गाळणारा आणि साडेसाती असूनही दुकान उघडणारा, हे दोघे एकाच राशीचे असू शकतात.

मनमाडच्या फलाटावर उभे राहिलात, तर वेळापत्रकावरून कोणती गाडी केव्हा येईल, हे तुम्हांला कळेल. बाकावर बसलेली बाई दोन गाड्या सोडून तिसरीची वाट का पाहते आहे, हे त्या फळ्यावर लिहिलेले नसते. तुमची कथा तिच्यापासून सुरू होते. पुढील स्वाध्यायासाठी असे एक पात्र निवडा. हवी तर त्याची रासही ठरवा. नंतर त्या राशीशी न जुळणारी त्याची एक कृती लिहा आणि ती त्याने का केली, हे स्वतःला विचारा.