हाईम सॅम्युएल किहीमकर

अलिबागेच्या उत्तरेस समुद्रकाठी किहीम नावाचे गाव आहे. त्या गावाचे नाव ज्या घराण्याने आडनाव म्हणून धारण केले, त्या घराण्यात १८३० साली हाईम सॅम्युएल किहीमकर यांचा जन्म झाला. ते धर्माने यहुदी होते व मायबोलीने मराठी. ज्या समाजास जग बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाची मुले, या नावाने ओळखते, त्या समाजाचा पहिला मोठा इतिहास त्यांनी लिहिला, आणि त्या समाजाच्या मुलांकरिता मुंबईत शाळा काढली. मराठी क्रमिक पुस्तकांत त्यांचे नाव क्वचितच आढळते. म्हणून त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या कामथडी, कापूरव्होळ या बाजूच्या मुलांस बेने इस्राएल हे नाव अपरिचित वाटेल. परंतु ते लोक फार दूरचे नाहीत. भोराहून वरंधा घाट उतरला की महाड लागते, आणि तेथून पुढचे सारे कोकण हीच त्यांची जुनी वस्ती. त्या वस्तीत त्यांचा मुख्य धंदा तेल काढण्याचा. बैल जुंपून लाकडी घाण्यावर तेल गाळणारे तेली गावोगाव असत. पण या तेल्यांचा घाणा आठवड्यातून एक दिवस, शनिवारी, कधीच फिरत नसे. कितीही गिऱ्हाईक येवो, बैल गोठ्यात बांधलेला आणि घाणा उभा. गावकऱ्यांनी त्यांस नाव दिले शनवार तेली. हे तेली शनिवारी काम का करीत नाहीत, हे गावकऱ्यांस ठाऊक नव्हते. पुष्कळ तेल्यांसही त्याचे शास्त्र सांगता आले नसते. आजा करीत नसे, बाप करीत नसे, म्हणून आपणही करावयाचे नाही, एवढेच त्यांस पक्के ठाऊक होते.

त्या समाजाची परंपरागत कथा अशी आहे की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत कोकण किनाऱ्यावर नवगावाजवळ फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. समुद्राने किनाऱ्यास लावलेली प्रेते नवगावी पुरली गेली. जे वाचले त्यांजपाशी ना ग्रंथ राहिला, ना धर्मगुरू. पुढे शेकडो वर्षे त्यांची प्रार्थनामंदिरे नव्हती. हिब्रू भाषा ते विसरले. एकच प्रार्थना त्यांच्या ओठी उरली, ती म्हणजे परमेश्वर एकच आहे असे सांगणारी शमा. सुंता असो, लग्न असो, मरण असो वा नवस फेडावयाचा असो, प्रसंग कोणताही आला तरी तीच ते म्हणत.

मग धर्म टिकला तो कोठे? किहीमकरांच्या साऱ्या लेखनाचे मर्म या एका प्रश्नात आहे, असे आम्हांस वाटते. धर्म टिकला तो चुलीपाशी आणि उंबऱ्यापाशी. दावीद रहाबी नावाच्या परदेशी यहुदी गृहस्थाची जी कथा या लोकांत सांगतात, ती आमच्या मुलांनी अवश्य ध्यानात ठेवावी. हा गृहस्थ कोकणात आला तेव्हा हे लोक आपल्याच रक्ताचे असावेत अशी त्यास शंका आली. त्याने त्यांच्यापैकी विद्वान शोधले नाहीत; विद्वान तेथे नव्हतेच. त्याने घरच्या बायकांस निरनिराळे मासे दिले व शिजवावयास सांगितले. बायकांनी पंख व खवले असलेले मासे एकीकडे काढले आणि बाकीचे आम्ही खात नाही म्हणून बाजूस सारले. मोशेच्या नियमशास्त्रात हाच भेद सांगितला आहे. त्या बायकांनी नियमशास्त्र पाहिलेले नव्हते, आईच्या हाताखाली मासे निवडलेले होते. रहाबीची खात्री पटली. त्याने त्यांस धर्मविधी शिकविले व झिराटकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतील पुरुषांस काझी नेमिले, असे परंपरा सांगते. रहाबीच्या काळाविषयी अभ्यासकांत शेकडो वर्षांचे अंतर पडते. कथेचा गाभा त्यामुळे हलका होत नाही.

याच जुन्या घरगुती आचारांची किहीमकरांनी बारकाईने नोंद केली. इतर यहुद्यांत ज्या सणांस हिब्रू नावे आहेत, त्यांस या लोकांत स्वच्छ मराठी नावे होती. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. त्यामागून खिरीचा सण. नव्या धान्याची व नारळाच्या रसाची खीर करून, धूप जाळून आणि शमा म्हणून तो साजरा होई. प्रायश्चित्ताचा दिवस तो दारफाळणीचा सण. त्या दिवशी घराचे दार लावून, शुभ्र वस्त्रे नेसून सारे कुटुंब उपाशी राही, आणि बाहेरच्या कोणाशी संबंध ठेवीत नसे. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दानधर्म व इष्टमित्रांच्या भेटी. फाल्गुनाच्या सुमारास एस्तेर राणीचा सण येई, त्यास शेजाऱ्यांच्या होळीवरून होळीचा सण म्हणत. वल्हांडणाचे नाव तर सर्वांत मौजेचे. कोकणातील घरांत आंबट रस्सा साठविण्याचे एक मडके असे. त्या सणात खमीर वर्ज्य, म्हणून ते मडके झाकून ठेवावयाचे, आणि सणाचे नाव पडले अणशी ढाकण्याचा सण. मिसर देशातून सुटका झाल्याची गोष्ट कोणास धड आठवत नसेल, परंतु मडके मात्र झाकले जाई! यरुशलेमच्या शोकाचा जो दिवस, त्या दिवशी केळीच्या पानावर बिरडे वाढीत, म्हणून तो बिरड्याचा सण.

आणखी एक विधी सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. तो मलिद्याचा. भिजविलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची आणि वर फळे, असे ताट मांडून एलिया संदेष्ट्याचे स्मरण करावयाचे. नवस फिटला, लग्न ठरले, नवे घर झाले की मलिदा. अलिबागेजवळ खंडाळे येथे एलिया दिसला व तेथून स्वर्गारोहण करता झाला, अशी त्यांची श्रद्धा आहे. जगातील इतर यहुद्यांत एलियाचा मान मोठा असला तरी पोह्यांचे हे ताट कोठे आढळत नाही. ते कोकणचेच.

किहीमकरांनी हे सारे लिहून ठेवण्यास कारण घडले, आणि ते कारण दुःखाचे होते. मुंबईत बगदादकडून व्यापारी यहुदी आले, ते धनवान व शास्त्र जाणणारे. आरंभी त्यांनी बेने इस्राएलांच्याच मंदिरात प्रार्थना केली. हे मंदिर सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली बांधलेले. हे सामाजी कंपनीच्या फौजेतील अंमलदार. म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत पडले व सुटून आल्यावर त्यांनी मुंबईतील हे पहिले यहुदी प्रार्थनामंदिर उभारले. पुढच्याच वर्षी कोचीन येथे त्यांस मृत्यू आला. परंतु बगदादकरांचे पाय येथे स्थिरावले तसे त्यांच्या मनात किंतु आला. हे काळेसावळे, मराठी बोलणारे, तेल गाळणारे लोक खरे यहुदी कशावरून? १८३६ साली त्यांच्यातील काहींनी दफनभूमीतदेखील मध्ये भिंत घालून जागा वेगळी करून मिळावी, असा सरकारकडे अर्ज केला. जिवंतपणीचे अंतर मेल्यावरही राखण्याची ही इच्छा! किहीमकर त्या वेळी सहा वर्षांचे होते. हा संशय त्यांच्या समाजाच्या डोक्यावर त्यांच्या उभ्या आयुष्यभर राहिला.

त्याच काळात कोकणातील व मुंबईतील बेने इस्राएल मुलांस शिक्षण मिळू लागले ते मिशनच्या शाळांत. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले ते मुख्यत्वे याच लोकांकरिता. मराठीत उतरलेल्या जुन्या करारामुळे पुष्कळ घरांत अब्राहाम, मोशे व दावीद यांच्या कथा प्रथमच वाचल्या गेल्या. मिशनरी गुरुजनांचा हेतू काय होता हे उघड आहे, आणि तो फारसा सफळ झाला नाही हेही उघड आहे. बेने इस्राएलांनी विद्या घेतली, विद्येबद्दल उपकार मानले, आणि शनिवार पूर्वीपेक्षा अधिक समजून पाळू लागले. आमच्यापैकी कोणास हे मिशनचे अपयश वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही; शिक्षकाने दिलेल्या दिव्याने विद्यार्थ्याने स्वतःचे घर पाहावे, यात शिक्षकास खेद मानण्याजोगे काय आहे?

परंतु आपल्या मुलांनी आपला धर्म परक्यांच्याच शाळेत शिकावा, हे किहीमकरांस पुरेसे वाटले नाही. १८५३ साली, तेवीस वर्षांच्या वयात, त्यांनी आपल्या बंधूंसह समाजाच्या शिक्षणाकरिता एक हितकारी मंडळ स्थापिले. विचार करा, मुंबई विश्वविद्यालय निघावयास अजून चार वर्षे अवकाश होता. मंडळाच्या प्रयत्नांस फळ यावयास बावीस वर्षे लागली. १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा उघडली. तेथे मराठी व इंग्रजीबरोबर हिब्रूही शिकविली जाई. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनने पुढे तिला साहाय्य केले. तरीही पैशाची चणचण संपेना. १८९२ साली किहीमकरांनी आपल्या समाजाचा त्रोटक इतिहास इंग्रजीत छापला, तो शिक्षणासाठी मदतीची विनंती म्हणूनच. शाळा चालविण्याकरिता इतिहास लिहावा लागला असे म्हटले तरी चालेल. हीच शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

याच पिढीत जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएलांची कीर्तनेही सुरू झाली. अब्राहाम, योसेफ यांची आख्याने मराठी पदांतून लावावयाची. जुन्या घरांतील न कळता चाललेल्या आचारांस आता अर्थ मिळू लागला. पण अर्थ आला तशी एक भीतीही आली. मंदिरात हिब्रू नावे रूढ होऊ लागली तेव्हा अणशी ढाकण्याचा सण, दारफाळणीचा सण ही नावे अडाणीपणाची वाटून मुले ती टाकू लागली असती. किहीमकरांनी ती टाकली नाहीत. १८९७ साली पुरा केलेल्या आपल्या मोठ्या इतिहासात त्यांनी ती जशीच्या तशी मांडली, आणि तीच आपल्या बाजूचा पुरावा म्हणून पुढे केली.

त्यांचा युक्तिवाद पाहण्याजोगा आहे. मक्काबींच्या विजयाचा सण जगातील यहुदी पाळतात. कोकणातल्या जुन्या घरांत तो नव्हता. तेव्हा तो विजय घडण्यापूर्वीच आमचे पूर्वज मायदेश सोडून निघाले असले पाहिजेत, म्हणजे अंतियोख राजाच्या छळाच्या वेळी, इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास. घरात काय आहे एवढेच पाहून ते थांबले नाहीत. काय नाही तेही पाहिले. त्यांनी काढलेला काळ आज सर्व अभ्यासकांस मान्य नाही, आणि गलबत फुटल्याच्या कथेस लेखी आधार मिळालेला नाही. मात्र २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या रक्तवंशाच्या एका शास्त्रीय अभ्यासात बेने इस्राएलांच्या ठायी मध्यपूर्वेतील यहुदी व भारतीय या दोन्ही वंशांचा अंश आढळला.

या समाजात एक व्यंग होते व तेही येथे लिहिले पाहिजे. बाहेरच्या संबंधांतून झालेल्या संततीस काळे इस्राएल म्हणून निराळे काढीत, आणि गोरे इस्राएल त्यांच्याशी लग्नसंबंध करीत नसत. बगदादकरांनी दाराशी उभे केले याचे शल्य ज्यांस होते, त्यांच्याच घरात आणखी एक दार लावलेले होते. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांतही मूळची जात विचारणारे अद्याप आहेत, तेव्हा या बाबतीत दुसऱ्यास नावे ठेवण्याची आमची प्राज्ञा नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात किहीमकर वारले. मोठा इतिहास तेव्हा हस्तलिखितच होता. मुद्रणास द्रव्य नव्हते, आणि लेखकाच्या पश्चात कागदांचे काय होते हे सर्वांस विदित आहे. परंतु ते कागद घरच्यांनी जपले. १९३६ साली इमॅन्युएल ओल्सव्हँगर हे यहुदी विद्वान हिंदुस्थानात आले असता ते त्यांच्या पाहण्यात आले, आणि १९३७ साली तो ग्रंथ तेल अवीव येथे छापून निघाला. लिहून झाल्यापासून चाळीस वर्षे!

१९४८ नंतर बेने इस्राएलांपैकी बहुतेक इस्राएल देशात जाऊन राहिले. तेथेही जुना संशय त्यांस सोडीना. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने त्यांच्या लग्नांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. लोक रस्त्यावर आले, आणि १९६४ साली तेथील लोकसभेने ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असे जाहीर केले. येथे महाराष्ट्रात आता थोडी कुटुंबे उरली आहेत. पुण्यात रास्ता पेठेत त्यांचे प्रार्थनामंदिर आहे; सॅसून यांनी १८६७ साली बांधविलेले लाल देऊळ आमच्या मुलांनी सहलीत पाहिलेच असेल. इस्राएलात गेलेल्यांनी तेथे मायबोली नावाचे मराठी नियतकालिक काढले. लग्नाआधी मेंदी लावावयाची, आणि मलिद्याचे ताट मांडावयाचे, हे तेथेही चालू आहे. त्या ताटात पोहे लागतात ते कोकणातल्यासारखेच, आणि ते भिजवून, गूळ व खोबरे कालवून, शमा म्हटल्यावर घरातील लहानथोरांस वाटतात.